खोखा आणि खोका

मागील महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या परिचयातील एका कापड व्यापाऱ्यांचा धाकटा मुलगा माझ्याकडे आला. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन त्याला दोन वर्षे झाली आहेत. वडिलांच्या पेढीशेजारी त्याने तयार कुर्त्यांचे स्वतंत्र दुकान थाटले असून त्याच्या नावे चालू खाते आहे, जीएसटी क्रमांकही आहे. “जय जिनेंद्र, काका,” म्हणून तो बसला आणि थोडा घुटमळून म्हणाला, “काका, तुम्ही बँकेत होता म्हणून विचारतो. किट दिलं तर काही अडचण येते का?”

मी १९८३ ते २०२० अशी सदतीस वर्षे बँकेत काढली. परंतु हा शब्द या अर्थाने माझ्या कानावर आला नव्हता. मी अर्थ विचारला. चालू खात्याचे चेकबुक, डेबिट कार्ड, नेटबँकिंगचा पासवर्ड आणि खात्याला जोडलेले सिमकार्ड हा सारा संच म्हणजे ‘किट’. त्याच्या मित्राच्या ओळखीतील कोणा एकास तो तीन महिन्यांकरिता ‘भाड्याने’ हवा होता. खात्यातून जी उलाढाल होईल तिच्यावर शेकडा दोन रुपये या मुलास मिळणार होते. दिवाळीचा माल भरावयाचा होता, भांडवल अपुरे होते आणि वडिलांकडे पुन्हा हात पसरण्याची त्याची इच्छा नव्हती. “काका, हाही एक फायनान्सच झाला ना? त्यांना खातं मिळतं, मला भांडवल मिळतं,” असे तो अगदी निर्मळ मनाने म्हणाला.

त्याला मी काय उत्तर दिले ते पुढे सांगतोच. परंतु तो गेल्यावर तो शब्द माझ्या मनात घोळत राहिला. शाळेची किट, क्रिकेटची किट, इतका साधा आणि निरुपद्रवी शब्द! धंद्यासाठी पैसा उभा करण्याचे जे मार्ग आहेत त्यांना बाजाराने शेकडो बोली नावे दिली आहेत. त्यांतील काही सरळ मार्गाची आहेत, काही आडमार्गाची. आपल्या घरांतील मुले ही दोन्ही नावे एकाच दुकानात, एकाच स्वरात ऐकत मोठी होतात. म्हणून या वेळच्या ‘ताळेबंद’मध्ये अशा काही शब्दांचा हिशेब मांडण्याचे योजिले आहे.

प्रारंभ एका जुन्या आठवणीने करतो. १९८४ च्या सुमारास मी मुंबईत काळबादेवी भागातील शाखेत नव्याने रुजू झालो होतो. त्या काळी हुंडीचा व्यवहार उतरणीला लागला असला तरी पूर्णपणे थांबलेला नव्हता. एका जुन्या पेढीवर कामानिमित्त गेलो असता तेथील वृद्ध मुनीमजींनी तारेत ओवलेल्या पिवळ्या कागदांचा एक जाड गठ्ठा मला दाखविला. मी विचारले, हे काय? ते म्हणाले, “साहेब, हे खोखे. यांची किंमत शून्य आहे. पण यांतला एक जरी हरवला तरी मला रात्री झोप लागणार नाही.”

ज्या हुंडीचे पैसे चुकते झाले व जी रद्द केली गेली, तिला सराफी परिभाषेत ‘खोखा’ म्हणत. म्हणजे खोखा हा फेडलेल्या वचनाचा पुरावा. कोणी काढली, कोणावर काढली, कोणाला पैसे दिले, कोणत्या मितीला दिले, हे सारे त्या कागदावर वाचता येई. पुढे कोणी तंटा उपस्थित केल्यास मुनीमजी गठ्ठ्यातून तेवढा एक कागद काढून समोर ठेवीत आणि बोलणे तेथेच संपे.

हुंडीच्या या परिभाषेतील इतर शब्दही लक्षात घेण्यासारखे आहेत. दाखविताच पैसे देण्याची ती ‘दर्शनी’, ठरलेल्या दिवसांनी देण्याची ती ‘मुदती’. ‘शाहजोग’ हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यासच, म्हणजे ‘शाहा’सच, द्यावयाचे असत. त्या हुंडीत पुढे काही खोट निघाली तर घेतलेली रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर येई. हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत ‘पेठ’ आणि तीही गहाळ झाली तर तिसरी प्रत ‘परपेठ’ देण्याची रीत होती. ‘जोखमी’ हुंडीचे पैसे माल सुखरूप पोहोचला तरच द्यावयाचे. वाटेत गलबत बुडाले तर पैसे लावणाऱ्याने नुकसान सोसावयाचे. आजचे तरुण ज्याला मोठ्या उत्साहाने ‘व्हेंचर कॅपिटल’ म्हणतात त्याची ही आपल्या बंदरांतील जुनी नातेवाईकच म्हणावी लागेल. इंग्रज सरकारने १८८१ साली जो परक्राम्य संलेखांचा कायदा केला, ज्याखाली आजही चेक न वटल्याचे खटले चालतात, त्यानेदेखील देशी भाषांतील अशा दस्तऐवजांच्या स्थानिक चालीरीतींना हात लावला नाही.

या सर्व शब्दांत एक समान गुण आहे. शाहजोग असो, मुदती असो वा जोखमी, शब्द उच्चारताच पैसे कोणाला, केव्हा आणि कोणत्या अटीवर द्यावयाचे याचा उलगडा होतो. शब्द आखूड असला तरी तो काही झाकून ठेवीत नाही.

आता दुसऱ्या शब्दाकडे वळू. उच्चाराने तो जवळजवळ सारखाच आहे, मात्र त्याचे कुळ वेगळे आहे. १९९० च्या दशकात मुंबईतील व्यापारी, बांधकाम व्यावसायिक व चित्रपट निर्माते यांना जे धमकीचे दूरध्वनी येत, त्यांत ‘पेटी’ आणि ‘खोका’ हे शब्द असत. पेटी म्हणजे एक लाख रुपये, खोका म्हणजे एक कोटी. फोनवर कोणी तिसरा ऐकत असला तरी त्याला वाटावे की मालाच्या खोक्यांविषयी बोलणे चालले आहे. त्या काळात बाजारातील किती तरी घरांत फोन वाजला की बायकामुलांच्या पोटात गोळा येत असे. या टोळ्यांना आवर घालण्यासाठी राज्याने १९९९ साली संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा केला. त्यालाही लोकांनी ‘मोक्का’ असे बोली नाव देऊन टाकले. आज ‘खोका’ हा शब्द इतका सरावाचा झाला आहे की तो राजकीय घोषणांत येतो, लग्नाच्या पंगतीत येतो आणि लहान मुलेही हसत हसत वापरतात.

खोखा म्हणजे फेडलेल्या पैशाचा पुरावा आणि खोका म्हणजे पुरावा राहू नये म्हणून वापरलेला शब्द. एका ‘ख’चा फरक, परंतु मुनीमजींच्या गठ्ठ्यात या दुसऱ्या शब्दाला जागा मिळाली नसती.

शब्दांचा हा प्रवास उजेडातून अंधाराकडे कसा होतो याची आपल्या मराठीत पुष्कळ उदाहरणे आहेत. ‘खंडणी’ हा मराठेशाहीतील राजकारभाराचा शब्द. मांडलिकाने वा जिंकलेल्या मुलखाने ठरवून द्यावयाची ती रक्कम. दप्तरात तिची रीतसर नोंद होई. आज खंडणी म्हटले की पोलीस ठाणे आठवते. ‘सुपारी’ हा मंगलकार्यातील शब्द. तमाशाचा फड वा वाजंत्री ठरविताना जी आगाऊ रक्कम देत तिला सुपारी म्हणत आणि सुपारी घेतली की कलावंत शब्दाला बांधला जाई. तीच ‘सुपारी’ आज माणसाच्या जिवावर उठण्याच्या कराराचे नाव झाली आहे. ‘हप्ता’ हा फारसीतील सात या संख्येवरून आलेला, आठवड्याचा वाचक शब्द. आपण घराच्या कर्जाचा हप्ता सन्मानाने भरतो आणि रस्त्यावरचा फेरीवाला दुसरा हप्ता मान खाली घालून भरतो.

‘हवाला’ या शब्दाची कथा तर व्यापाऱ्यांनी विशेष समजून घ्यावी अशी आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ सोपविणे. ‘हवाली करणे’, ‘हवालदार’ हे त्याच घरचे शब्द. देशी नाम्यात रोकड न हलविता एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यावर फिरविण्याच्या नोंदीला हवाला म्हणत आणि ती नोंद सर्वस्वी प्रामाणिक असे. पुढे हीच युक्ती देशाच्या सीमेपलीकडे वापरली जाऊ लागली. आखातात कोणी दिरहम द्यावेत आणि इकडे कोणी त्याच्या घरी रुपये पोहोचवावेत; खूण म्हणून एखाद्या नोटेचा क्रमांक पुरे. पैसा बँकेतून गेला नाही, सीमा ओलांडली नाही, तरीही पोहोचला. कष्टकऱ्याच्या घरखर्चाचा पैसा ज्या वाटेने आला त्याच वाटेने तस्कराचा आणि घातपात करणाऱ्याचाही येऊ शकतो. वाट विचारपूस करीत नाही, हेच तिचे वैशिष्ट्य आणि हाच तिचा दोष. म्हणून परकीय चलन व्यवस्थापनाच्या १९९९ च्या कायद्याने असा व्यवहार निषिद्ध ठरतो आणि त्यातून गुन्ह्याचा पैसा फिरला असल्यास काळा पैसा धुण्यास प्रतिबंध करणारा २००२ चा कायदाही लागू होतो. त्यात साधारणतः तीन ते सात वर्षे सक्तमजुरीची शिक्षा आहे.

‘दामदुप्पट’ या शब्दाचे तर पुरते उलटे झाले. हिंदू विधीतील दामदुपटीचा नियम ऋणकोच्या रक्षणासाठी होता. सावकाराने एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करू नये, अशी ती मर्यादा. मुंबई इलाख्यातील न्यायालयेही ती मानीत. आज हाच शब्द आमिष म्हणून वापरला जातो. “अमुक महिन्यांत दामदुप्पट” असे कोणी म्हटले की जाणत्या माणसाने चप्पल घालून निघावे. अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ साली केंद्राने कायद्याने बंदी घातली. तरी हा शब्द ऐकून ठेवी देणारे आजही भेटतात, आणि त्यांत निवृत्तीचा पैसा हाती आलेले माझ्यासारखेच लोक अधिक असतात.

क्वचित प्रवास उलट दिशेनेही होतो, हेही नमूद केले पाहिजे. ‘पगडी’ हा मुंबईतील भाडेकरूंचा शब्द. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली पगडी घेणे हा गुन्हा होता. तरीही अर्ध्या मुंबईची दुकाने पगडीवरच उभी राहिली. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती घेण्यास मान्यता दिली आणि टेबलाखालचा शब्द टेबलावर आला. चित्रपटधंद्याचेही तसेच. दीर्घकाळ बँका त्या धंद्याला दारात उभे करीत नसत. निर्माता भरमसाठ व्याजाच्या हुंडीवर पैसा उचली आणि काहींचे पाय त्याहून अंधाऱ्या दारी वळत. १९९८ साली केंद्र सरकारने चित्रपटनिर्मितीला उद्योगाचा दर्जा देण्याचे घोषित केले. त्यानंतर वित्तसंस्थांची दारे उघडू लागली. सरळ वाट बंद असली की आडवाटेला गिऱ्हाईक मिळते, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते. माझ्यासारख्या बँकवाल्यांनी हे विसरता कामा नये.

आता कोणी म्हणेल, जुने शब्द तेवढे पवित्र आणि नवे तेवढे कलंकित असे तुम्हांला सुचवायचे आहे काय? मुळीच नाही. ज्या हुंडीचे मी एवढे गुणगान केले तिचीच पुढे काय अवस्था झाली ते पाहावे. हिशेबात न दाखविलेला स्वतःचाच पैसा धंद्यात आणावयाचा, तर तो कोणाकडून तरी हुंडीवर कर्जाऊ घेतल्याचे दाखवावयाचे, असा प्रघात काही ठिकाणी पडला. सावकार नावापुरता, तो आपले नाव ‘भाड्याने’ देई आणि त्याबद्दल थोडे कमिशन घेई. परिणामी आयकर कायद्यात नवे कलम घालावे लागले. १ एप्रिल १९७७ पासून हुंडीवरील कर्जाची उचल व परतफेड रेखांकित चेकनेच झाली पाहिजे, अन्यथा ती रक्कम उत्पन्न धरली जाईल, असा नियम लागू झाला. शतकानुशतके ज्या कागदावर बाजाराने डोळे मिटून विश्वास ठेवला, त्या कागदाकडे सरकार संशयाने पाहू लागले. हे काही परक्याने केले नाही. ज्यांनी आपली नावे भाड्याने दिली त्यांनी ते घडविले.

वाचकांनी एक गोष्ट टिपली असेल. तेव्हा नाव भाड्याने जात होते, आज ‘किट’ भाड्याने जाते. वस्तू बदलली, सौदा तोच आहे.

येथे मला माझ्या स्वतःच्या एका चुकीची कबुली दिली पाहिजे, अन्यथा हा लेख अप्रामाणिक ठरेल. १९९० नंतरच्या काळात मी एका जिल्ह्याच्या गावी शाखेत अधिकारी होतो. धान्याचे एक घाऊक व्यापारी आमचे अनेक वर्षांचे खातेदार. वागणे सालस, शब्दाला पक्के. एका हंगामात त्यांचे पैसे उधारीत अडकले. त्यांचे मेहुणे दुसऱ्या गावी व्यापार करीत. मेहुण्यांचा चेक हे आमच्याकडे भरीत व तो वटण्यापूर्वीच त्यापोटी रक्कम उचलीत. चार दिवसांनी यांचा चेक मेहुणे आपल्या बँकेत भरीत आणि पहिल्या चेकची तरतूद होई. बाजारात याला ‘टोपी फिरवणे’ म्हणतात; या डोक्यावरची टोपी त्या डोक्यावर. बँकेत आम्ही ‘पतंग उडवणे’ म्हणत असू. दोन्ही नावे इतकी खेळकर आहेत की ऐकून कोणाला भीती वाटू नये.

मला ते दिसत नव्हते असे नाही. खात्याचे उतारे माझ्या टेबलावरूनच जात. परंतु जुने खातेदार आहेत, हंगाम संपला की सारे सुरळीत होईल, असे म्हणून मी सह्या करीत राहिलो. प्रत्येक फेरीत चेकची रक्कम थोडी थोडी वाढत होती, कारण व्याज व खर्च त्यातच मिसळत होता. एका सोमवारी मेहुण्यांचा चेक परत आला आणि साडेचार लाखांचे भोक उघडे पडले. मूळ अडचण त्याच्या निम्मीदेखील नव्हती. त्या रकमेच्या फेडीला दीड वर्ष लागले. त्यांनी गोदामातील आपला हिस्सा विकला, घरातील दागिने गेले आणि दोन घरांतील येणेजाणे बंद झाले. मला खुलासा द्यावा लागला व एक वेतनवाढ रोखली गेली. ती शिक्षा योग्यच होती, असे मी आज म्हणतो. मुळात त्या व्यवहारात कोणी चोर नव्हता. एक अडलेला माणूस होता, एक मदत करणारा आप्त होता आणि ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य नसलेला एक अधिकारी होता. हंगामाच्या आरंभीच मी त्यांना समोर बसवून “शेठ, तुम्हांला किती कमी पडतात ते सांगा, आपण तेवढ्याचा रीतसर अर्ज करू,” असे म्हटले असते तर त्या घरातील सोने घरात राहिले असते. ‘पतंग’ या शब्दाने मला तो प्रश्न विचारू दिला नाही.

आपल्या घरांतील महिलावर्गाच्या जिव्हाळ्याचा एक शब्दही या यादीत आहे, तो म्हणजे ‘भिशी’. वीस जणींनी दरमहा ठरावीक रक्कम काढावी आणि चिठ्ठी उचलून वा बोली लावून एकीने ती न्यावी, ही पद्धत वाईट नाही. अनेक घरांतील शिलाई यंत्रे, मुलांच्या फिया आणि लहानमोठी दुकाने भिशीवर उभी राहिली आहेत. परंतु व्यापारी भिशी जेव्हा लाखांत जाते, सभासद एकमेकांना ओळखत नाहीत आणि चालकाचा शब्द हाच एकमेव कागद असतो, तेव्हा ती घरगुती भिशी उरत नाही. चिट फंडांसाठी १९८२ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात नोंदणी, तारण व हिशेब या गोष्टी आवश्यक आहेत. चालक एका रात्रीत गाव सोडून गेल्यावर ज्यांच्या हाती केवळ डायरीचे एक पान उरते, ते पोलिसांकडे जाण्यासही कचरतात. कारण भरलेली रोकड कोठून आणली हे सांगावयाचे धैर्य त्यांना होत नाही. चालकाला हे ठाऊक असते.

तरुण पिढी आता इंग्रजी शब्द वापरते. धंद्याच्या आरंभी पैसा लावणारा तो ‘एंजल’, म्हणजे देवदूत. हा शब्द न्यूयॉर्कच्या नाट्यव्यवसायातून आला. तेथे नाटकाला पैसा पुरविणाऱ्या धनिकास हे नाव होते. भरमसाठ व्याज घेऊन धाकदपटशाने वसुली करणारा सावकार तो इंग्रजीत ‘शार्क’. आणि आज दूरचित्रवाणीवर कोट घालून बसलेले गुंतवणूकदार हेच नाव अभिमानाने मिरवितात! त्यांच्यापुढे जाण्यात गैर काही नाही. मात्र देवदूत असो वा शार्क, करारात किती टक्के भागीदारी लिहिली आहे आणि पैसे परत मागण्याचा अधिकार कोणाला आहे, हे वाचल्यावाचून सही करू नये.

मग शब्द ओळखावा कसा? आयकर कायद्याने यासाठी एक उत्तम कसोटी घालून दिली आहे. १९६१ च्या कायद्यातील कलम ६८ खाली वहीत जमा दाखविलेल्या रकमेबद्दल विचारणा होई तेव्हा न्यायालये तीन गोष्टी सिद्ध करण्यास सांगत आली आहेत. पैसे देणारा कोण आहे? एवढे पैसे देण्याची त्याची ऐपत आहे काय? आणि व्यवहार खरोखरीचा आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मुनीमजींचा खोखा एका दृष्टिक्षेपात देत असे. याच्या जोडीला एवढे लक्षात ठेवावे की वीस हजार रुपये वा त्याहून अधिक रकमेचे कर्ज किंवा ठेव रोखीने घेता येत नाही. नातलगाकडून घेतलेली उसनवारीही सहसा याला अपवाद नाही. आणि जो व्यवसाय म्हणून व्याजाने पैसे देतो, त्याच्याकडे महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखालील परवाना आहे काय, हे विचारण्यात संकोच करू नये.

त्या रविवारी मी त्या मुलाला हे कायदे सांगितले नाहीत. माझ्या टेबलावरची एक कोरी वही त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटले, “ही तुझी रोजमेळ समज. किटबद्दल तुला जे पैसे मिळतील त्यांची जमा नोंद लिही.” त्याने तारीख लिहिली, रक्कम लिहिली आणि थांबला. कोणाचे जमा, हे त्याला लिहिता येईना. ज्याला तो खाते देणार होता त्याचे आडनावदेखील त्याला ठाऊक नव्हते. मी म्हटले, “आता बाबांच्या नजरेला पडेल असं तपशिलाच्या रकान्यात लिही, पैसे कशाबद्दल मिळाले.” त्याने पेन खाली ठेवले.

मग मी त्याला समजावून सांगितले की अशा खात्यांतून प्रायः ऑनलाइन फसवणुकीचा वा जुगाराचा पैसा फिरविला जातो. कोणा वृद्धाला फोनवर घाबरवून उकळलेली आयुष्याची पुंजी त्या खात्यात येते आणि काही मिनिटांत पुढे जाते. फसवणाऱ्याचे नाव कोठेच नसते. कागदोपत्री खातेदार म्हणून नाव असते ते या मुलाचे. तक्रार येताच खाते गोठते, त्यासोबत दुकानाचा रोजचा व्यवहारही गोठतो आणि पोलीस येतात ते त्याच्याच दारी. “शेकडा दोन रुपयांत तू तुझं खातं देत नाहीस, नाव देतोस,” एवढेच मी शेवटी म्हणालो.

पुढील आठवड्यात तो वडिलांसह आला. वडिलांना त्याने स्वतःच सर्व सांगितले होते, याचे मला विशेष कौतुक वाटले. त्याच्या गरजेचा आकडा आम्ही कागदावर मांडला. तो पावणेचार लाख भरला. मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतच्या कर्जाला ‘शिशु’, त्यापुढे पाच लाखांपर्यंत ‘किशोर’ आणि त्यापुढे दहा लाखांपर्यंत ‘तरुण’ अशी नावे आहेत. त्याचा अर्ज ‘किशोर’मध्ये बसत होता. सरकारी शब्द म्हणून त्यांना हसू नये. कर्ज किती वाढले आहे हे त्यांतून समजते. तोवरच्या निकडीसाठी वडिलांनी दीड लाख रुपये चेकने दिले आणि शेकडा नऊ व्याजाची चिठ्ठी मुलाकडून लिहून घेतली. मुलगा हसत होता, परंतु वडील गंभीर होते. पित्याने पुत्राकडून व्याज घ्यावे काय, यावर मतभेद असू शकतात. माझे मत असे की त्या चिठ्ठीने त्याला जे शिकविले ते पदवीच्या तीन वर्षांत शिकविले गेले नव्हते.

ज्या मित्राने त्याला हा मार्ग सुचविला होता त्याने स्वतःचे किट आधीच दिले होते. दिवाळीच्या अगोदर त्याचे खाते परराज्यातील पोलिसांच्या सूचनेवरून गोठविले गेले. त्याच्या घरच्यांनाही मी भेटलो आणि आडपडदा न ठेवता वकिलाच्या सल्ल्याने स्वतः पुढे होऊन सर्व माहिती द्यावी, असे सुचविले. त्याचे वय तेवीस आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी असा प्रकार घडला असेल तर लाजेपोटी दडवू नये; खाते दिले असल्यास आजच बँकेला लेखी कळवून ते बंद करावे आणि आपलीच फसवणूक होऊन पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय साह्यक्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवावी. पहिले काही तास मोलाचे असतात.

मुनीमजी केव्हाच निवर्तले. त्यांची पेढीही आता नाही. त्या जागी मोबाइलच्या सुट्या भागांचे दुकान आहे. घरातील मुलांनी पैशासंबंधी एखादा नवा शब्द उच्चारला तर रागावू नये. त्याचा अर्थ त्यांनाच विचारावा आणि मग तो व्यवहार एका ओळीत वहीत लिहून दाखविण्यास सांगावे.